फ्रेम कुणामुळे अडते?

सेकंदाला साठ फ्रेम म्हणजे एका फ्रेमच्या वाट्याला १६.७ मिलिसेकंद. मॉनिटर १४४ हर्ट्झचा असेल आणि त्याचा पुरेपूर उपयोग करायचा असेल, तर जेमतेम ६.९. एवढ्या वेळात गेमला पुढचं चित्र तयार करून पडद्यावर आणायचं असतं आणि लगेच त्याच्या पुढच्याच्या तयारीला लागायचं असतं. गेम अडखळतो, नजर फिरवताना चित्र मागे राहतं, गर्दीच्या बाजारात शिरताच सगळं जड होतं, तेव्हा बहुतेक वेळा यंत्रातल्या कुणाला तरी ही वेळ पाळता आलेली नसते. तो प्रोसेसर आहे की ग्राफिक्स कार्ड, याचा शोध न घेताच अनेक जण तीस-चाळीस हजारांचं कार्ड घरी आणतात. कधी नेम लागतो. पण पुष्कळदा नवं कार्ड बसतं, पंखे दिमाखात फिरू लागतात, आणि गेम मात्र होता तिथेच अडखळत राहतो.

माझ्याकडे सल्ला मागायला येणारी मुलं पहिलं वाक्य बोलतात ते वयाबद्दल. कार्ड चार वर्षांचं झालं, आता बदलू का? वयावरून यात काहीच ठरत नाही. इंटेलचा आय७-२६००के २०११च्या जानेवारीत आला आणि पुढची सहा-सात वर्षं गेमसाठी समाधानाने वापरला गेला. एनव्हिडियाचं जीटीएक्स १०८० टीआय २०१७च्या मार्चमध्ये ११ जीबी मेमरी घेऊन आलं आणि त्याच्यानंतर आलेली कित्येक स्वस्त कार्डं त्याच्या पुढे फिकी पडली. याउलट एएमडीचं आरएक्स ६५०० एक्सटी २०२२च्या जानेवारीत नवंकोरं दुकानात आलं तेव्हाच ४ जीबी मेमरीमुळे तोकडं होतं. म्हणून वर्षं मोजण्याऐवजी मिलिसेकंद मोजावेत, असं मी सांगतो.

त्यासाठी आधी काम कसं वाटलेलं असतं ते पाहू. प्रत्येक फ्रेमच्या आधी प्रोसेसरला ठरवावं लागतं की गेमच्या जगात काय घडलं. तुम्ही माउस किती हलवला, पहारेकरी कुठे वळला, फेकलेला बॉम्ब कशावर आदळला, रस्त्यावरच्या माणसांपैकी कोण दिसतंय आणि कोण भिंतीआड आहे. मग तो कार्डाला कामांची यादी देतो. ही भिंत काढ, हा चेहरा काढ, त्यावर हा पोत चढव. यादीतल्या एकेका आज्ञेला ड्रॉ कॉल म्हणतात, आणि मोठ्या गेममध्ये एका फ्रेमला त्या हजारोंनी असतात. कार्ड त्या यादीबरहुकूम ठिपके रंगवतं. १०८०पी रिझोल्यूशनला सुमारे २०.७ लाख ठिपके, १४४०पीला ३६.९ लाख आणि फोर-केला ८२.९ लाख.

घरात एक जण पोळ्या लाटतो आणि दुसरा भाजतो, तेव्हा लाटणारा मागे पडला तर तवा रिकामाच तापत राहतो, आणि भाजणारा मागे पडला तर लाटलेल्या पोळ्या साचतात. प्रोसेसर लाटतो, कार्ड भाजतं. लाटणाराच हळू असेल, तर कितीही चांगला तवा आणला तरी पानात पोळी लवकर पडायची नाही.

यातली खरी उपयोगाची गोष्ट अशी, की रिझोल्यूशन वाढवलं की जे काम वाढतं ते जवळजवळ सगळं कार्डाचं असतं. पहारेकरी कुठे वळला हे ठरवायला प्रोसेसरला १०८०पीला जितका वेळ लागतो, साधारण तितकाच फोर-केला लागतो. निदानाची सगळ्यात सोपी आणि बिनखर्चाची चाचणी यातूनच मिळते.

चाचणीसाठी एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्या जोडीचा रिव्हाट्यूनर हे फुकट मिळणारे प्रोग्रॅम पुरतात. इंटेलचा प्रेझेंटमॉनही चांगला आहे आणि तो इतर कंपन्यांच्या कार्डांवरही चालतो. गेम चालू असताना पडद्याच्या कोपऱ्यात कार्डाचा वापर, प्रोसेसरच्या एकेका धाग्याचा (थ्रेडचा) वापर, कार्डाची मेमरी, तापमान आणि फ्रेमला लागलेला वेळ, एवढं दिसेल असं करून घ्या. मग गेमच्या मेन्यूत किंवा रिकाम्या खोलीत न मोजता, जिथे तुम्हाला त्रास होतो नेमक्या तिथेच मोजा. त्या जागेची सेव्ह फाईल वेगळी ठेवा, म्हणजे पुन्हा पुन्हा तिथेच जाता येईल.

समजा, सायबरपंक २०७७ मधल्या गर्दीच्या गल्लीत उभे आहात. कोपऱ्यात दिसतंय: कार्ड ९८ टक्के, प्रोसेसर ५५ टक्के, फ्रेम ५२. इथे कार्डाला श्वास घ्यायला फुरसत नाही, म्हणजे अडतंय ते कार्डापाशी. आता चार पावलं पुढे चौकात गेलात आणि आकडे बदलले: कार्ड ७१ टक्के, प्रोसेसर ६२ टक्के, फ्रेम ४८. हे वाचताना भलेभले चकतात. दोघंही पूर्ण राबत नाहीत, मग दोष विंडोजचा, नाहीतर गेमचाच, असा निष्कर्ष काढून मोकळे होतात. पण ६२ टक्के हा सगळ्या धाग्यांचा मिळून सरासरी आकडा आहे. सहा कोर आणि बारा धाग्यांच्या प्रोसेसरमध्ये एक धागा पूर्ण भरला तरी एकूण आकड्यात त्याची भर सुमारे ८ टक्क्यांचीच असते. गेमचं काम बारा धाग्यांत सारखं वाटता येत नाही. एक मुख्य धागा असतो, बाकीच्यांना त्याच्यासाठी थांबावं लागतं, आणि तो आपल्या परीने जितका वेगाने पळतो तितक्याच वेगाने गेम पळतो. त्यामुळे धाग्यांचे आकडे सुटे पाहिले तर एखादा नव्वदीच्या पुढे गेलेला सापडू शकतो. तसा सापडला नाही तरी कार्ड ७१ टक्क्यांवर रेंगाळतंय, हीच मोठी खूण आहे. फक्त व्ही-सिंक चालू नाही ना आणि फ्रेमवर मर्यादा घातलेली नाही ना, तेवढं आधी बघायचं. मर्यादा असेल तर कार्ड ठरवूनच आरामात असतं.

आता खात्री करून घ्यायची. डीएलएसएससारखं अपस्केलिंग, म्हणजे कमी ठिपक्यांचं चित्र मोठं करून दाखवणारी सोय, बंद करून रिझोल्यूशन १०८०पीवरून ७२०पीवर आणा. गल्लीतल्या ५२ फ्रेमच्या पंच्याहत्तर झाल्या, तर तिथला अडसर कार्डाचा होता. चौकातल्या ४८च्या ४९च राहिल्या, तर तिथे अडसर प्रोसेसरचा, आणि जगातलं सगळ्यात महागडं कार्ड घातलं तरी त्या चौकात ४९च्या आसपासच मिळणार. ही चाचणी पाच मिनिटांची आहे. ती केल्याशिवाय मी कुणालाही कार्डाचं नाव सुचवत नाही.

एकाच यंत्रावर, एकाच गेममध्ये, चार पावलांत उत्तर बदलतं हे लक्षात घ्या. त्यामुळे 'या प्रोसेसरला हे कार्ड बॉटलनेक होईल का' या प्रश्नाला एकच टक्केवारी देणाऱ्या तक्त्यांवर माझा विश्वास नाही. गेम कोणता आणि मॉनिटर कोणता, हे कळल्याशिवाय तो प्रश्नच पुरा होत नाही. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ खेळणाऱ्याला दोनशेच्या वर फ्रेम हव्या असतात, चित्र साधं असतं, त्यामुळे मध्यम कार्डही तिथे रिकामं बसतं आणि सगळा भार प्रोसेसरवर जातो. बाल्डर्स गेट ३ मध्ये पहिल्या दोन अंकांत छान चाललेली यंत्रं तिसऱ्या अंकातल्या शहरात शिरली की धापा टाकू लागतात, कारण तिथे माणसांची गर्दी आहे आणि त्या गर्दीचा हिशेब प्रोसेसर ठेवतो. ड्रॅगन्स डॉग्मा २ची राजधानी २०२४ मध्ये याच कारणासाठी गाजली. आणि तुमचा मॉनिटर साठ हर्ट्झचा असेल, तर सेकंदाला साठाहून जास्त वेळा त्यावर चित्र बदलतच नाही. तिथे ऐंशी फ्रेमच्या एकशेवीस करण्यासाठी पैसे घालण्यापेक्षा १४४ किंवा १६५ हर्ट्झचा, फ्रेमच्या चालीने चालणारा मॉनिटर घेतला तर फरक अधिक दिसतो. असा मॉनिटर पन्नास ते साठच्या दरम्यानची ओढाताणही बरीच झाकून नेतो.

सरासरीच्या जोडीने 'वन पर्सेंट लो' म्हणून आकडा दिसतो, तोही पाहावा. सगळ्यात वाईट एक टक्का फ्रेम किती वेगाने आल्या, ते त्यातून कळतं. सरासरी नव्वद आणि हा आकडा तीस, असं असेल तर गेम कागदावर सुसाट आणि हातात खडबडीत. याची कारणं निरनिराळी असतात. प्रोसेसर दमला असेल, कार्डाची मेमरी भरली असेल, गेम जुन्या हार्ड डिस्कवर असेल, किंवा गेम ऐन खेळताना शेडर, म्हणजे दृश्य रंगवणारे छोटे प्रोग्रॅम, तयार करत असेल. शेवटच्या प्रकारात प्रत्येक नवा स्फोट पहिल्यांदा दिसताना झटका बसतो आणि दुसऱ्यांदा बसत नाही. तो गेम बनवणाऱ्यांचा दोष असतो, त्यावर नवा भाग विकत घेऊन पुरता इलाज होत नाही.

पैसे काढण्याआधी कॅबिनेट उघडून पाहावं. रॅमची एकच पट्टी लावलेली यंत्रं मी अजूनही सर्रास पाहतो. १६ जीबीच्या एका पट्टीऐवजी ८ जीबीच्या दोन, बोर्डावरच्या योग्य खाचांत बसवल्या की मेमरीचा रस्ता दुपदरी होतो, आणि प्रोसेसरपाशी अडणाऱ्या गेममध्ये तो फरक डोळ्यांना जाणवतो. दुसरं, ३२०० वेगाची म्हणून घेतलेली रॅम बायोसमध्ये एक्सएमपी चालू केल्याशिवाय २१३३ किंवा २४०० वर, फार तर २६६६ वर चालत राहते. दुकानात जोडून दिलेल्या यंत्रांत ते बऱ्याचदा बंदच असतं. बायोसमध्ये जाऊन एक पर्याय निवडायचा, इतकंच काम. विकत घेतलेला वेग वर्षानुवर्षं न वापरता पडून राहतो याचं मला खरोखर वाईट वाटतं.

तिसरी गोष्ट उष्णता. नागपूर-चंद्रपुरात मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना, बंद खोलीत, धुळीने भरलेल्या जाळीमागे प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या मर्यादेला टेकतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. डिसेंबरात नीट चालणारा गेम उन्हाळ्यात अडखळत असेल, तर आधी ब्रश, मग नवी थर्मल पेस्ट, मग कॅबिनेटला पुढून हवा आत घेणारा एक पंखा. गेम फिरत्या हार्ड डिस्कवर असेल तर एसएसडी. सायबरपंकच्या २०२३च्या मोठ्या अपडेटनंतर तर किमान गरजेतच एसएसडी आली. एवढं सगळं करूनही आकडे तेच राहिले, तर मग बदलाचा विचार.

कार्ड बदलायची वेळ आली, हे तीन प्रकारांनी कळतं. पहिला वर सांगितलेला: कार्ड सतत ९५ टक्क्यांच्या वर, आणि सेटिंग मध्यमवर आणूनही हव्या तेवढ्या फ्रेम नाहीत. 'मध्यमवर आणूनही' यावर माझा भर आहे. अल्ट्रा आणि हाय यांतला फरक खेळताना फारसा दिसत नाही, पण कार्डावरचा भार मात्र बराच असतो. सावल्या, धुकं, प्रतिबिंबं आणि रे ट्रेसिंग एकेक पायरी खाली आणा आणि पोत मेमरी परवानगी देईल तेवढे वर ठेवा. पोतांचा भार मेमरीवर असतो, वेगावर नगण्य.

दुसरा प्रकार मेमरीचा. २०२०च्या ऑक्टोबरात आलेलं आरटीएक्स ३०७० वेगाने दणकट, पण मेमरी ८ जीबी. काही महिन्यांनी आलेलं त्याहून हळू आणि स्वस्त आरटीएक्स ३०६०, त्यावर १२ जीबी. २०२३च्या मार्चमध्ये द लास्ट ऑफ अस पार्ट वन पीसीवर आला तेव्हा ८ जीबीच्या कार्डांवर पोत उंच ठेवले की झटके बसू लागले, कारण जागा संपली की कार्डाला रॅममधून सामान ओढत बसावं लागतं. पुढे दुरुस्त्या आल्या आणि गेम सुधारला, पण दिशा स्पष्ट झाली होती. मेमरी भरली की फ्रेम हळूहळू कमी होत नाहीत, एकदम दरीत पडतात. आज नवं कार्ड घेणाऱ्याला मी ८ जीबीचं सुचवत नाही. फक्त व्हॅलोरंट खेळणाऱ्याची गोष्ट वेगळी, त्याला ते पुरून उरेल.

तिसरा प्रकार दार बंद होण्याचा. वेग पुरेसा असतो, पण गेमला लागणारी सोयच कार्डात नसते. २०२३ मधल्या अ‍ॅलन वेक २ने मेश शेडरचा आधार घेतला आणि तो नसलेल्या जीटीएक्स १० मालिकेची दैना झाली. तिला पुढच्या वर्षीच्या अपडेटने थोडा दिलासा मिळाला. २०२४च्या डिसेंबरातला इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल आणि २०२५च्या मे महिन्यातला डूम: द डार्क एजेस यांनी तर रे ट्रेसिंगची सोय असलेलं कार्ड सक्तीचंच केलं. १०८० टीआयसारखं मातब्बर कार्डही तिथे उंबऱ्याबाहेर राहिलं. शिवाय त्या पिढीसाठी नव्या गेमनुसार ड्रायव्हर काढणं एनव्हिडियाने २०२५च्या ऑक्टोबरपासून थांबवलं, आता तीन महिन्यांनी एकदा सुरक्षेपुरती डागडुजी मिळत राहील, तीही २०२८च्या ऑक्टोबरपर्यंत. जुनेच गेम खेळणाऱ्याला यातल्या कशानेही फरक पडत नाही. त्याचं १०८० टीआय अजून कित्येक वर्षं आनंदाने चालो.

अपस्केलिंगने जुन्या कार्डांचं आयुष्य खूप वाढवलं आहे आणि ते वापरण्यात कमीपणा मानण्याचं काही कारण नाही. गेम आतून कमी ठिपक्यांत चित्र काढतो आणि मग ते हुशारीने मोठं करतो. एनव्हिडियाचं डीएलएसएस आरटीएक्स कार्डांवरच चालतं, पण एएमडीचं एफएसआर २ जुन्या जीटीएक्सवरही चालतं. २०२५च्या जानेवारीत आलेल्या डीएलएसएस ४चं सुधारलेलं अपस्केलिंग थेट २०१८च्या आरटीएक्स २० मालिकेलाही मिळालं, म्हणजे सहा-सात वर्षं जुन्या कार्डाचं चित्र एका पैशाच्या खर्चाविना सुधारलं. मात्र आतलं रिझोल्यूशन कमी झालं की कार्ड मोकळं होतं आणि भार प्रोसेसरकडे सरकतो. त्यामुळे जिथे प्रोसेसरच अडवतोय तिथे अपस्केलिंगने फ्रेम वाढत नाहीत. दोन फ्रेमच्या मध्ये तिसरी रचून घालणारी फ्रेम जनरेशनची सोय तिथे आकडा वाढवून दाखवते, पण माउसला मिळणारा प्रतिसाद मूळ फ्रेमचाच राहतो. मुळात साठाच्या आसपास फ्रेम असतील तर ती छान वाटते. तिशीतून साठ करायला तिचा उपयोग करू नये.

प्रोसेसरची गोष्ट वेगळ्या चालीने जाते, आणि ती चाल कन्सोल ठरवतात. मोठे गेम प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स डोळ्यांसमोर ठेवून बांधले जातात. २०१३च्या प्लेस्टेशन ४ मध्ये आठ जॅग्वार कोर होते, १.६ गिगाहर्ट्झचे, त्या काळातही अगदी अशक्त. त्यावर चालायचं म्हणजे गेमने प्रोसेसरवर फार भार टाकायचाच नाही. २६००केसारखे प्रोसेसर इतकी वर्षं तरले, याचं एक मोठं कारण हे. २०२०च्या नोव्हेंबरात प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स आले ते आठ झेन २ कोर घेऊन, साडेतीन गिगाहर्ट्झच्या आसपासचे. दोन-तीन वर्षं गेम जुन्या-नव्या दोन्ही कन्सोलसाठी निघत राहिले, म्हणून पीसीवाल्यांना झळ लागली नाही. मग जुनी कन्सोल सुटली आणि प्रोसेसरची मागणी झपाट्याने वाढली. कन्सोलवर एखादा गेम प्रोसेसरमुळे तीस फ्रेमवर बांधलेला असेल, तर पीसीवर साठ हव्या असणाऱ्याला त्याच्या साधारण दुप्पट चालीचा प्रोसेसर लागतो, हा हिशेब पुष्कळ जणांच्या लक्षात येत नाही.

लॉकडाऊनच्या आगेमागे आपल्याकडे हजारो घरांत जी जोडी बसली ती डोळ्यांसमोर घेऊ: रायझन ५ ३६००, बी ४५० बोर्ड, १६ जीबी डीडीआर४ रॅम आणि जीटीएक्स १६६० सुपर. प्रोसेसर आणि कार्ड, दोन्ही २०१९चे. आज हे यंत्र १०८०पीवर मोठ्या नव्या गेममध्ये बहुधा कार्डापाशी अडतं. ६ जीबी मेमरी, रे ट्रेसिंग नाही, डीएलएसएस नाही. तेव्हा पहिला बदल कार्डाचा. पण कोणतं? कार्डाला बोर्डाशी जोडणारा पीसीआय एक्स्प्रेसचा रस्ता या बोर्डावर तिसऱ्या पिढीचा आहे. आरटीएक्स ४०६० आणि ५०६० टीआयसारखी कार्डं त्या रस्त्याच्या सोळाऐवजी आठच मार्गिका (लेन) वापरतात. मेमरी पुरत असेल तर जुन्या बोर्डावर त्याने थोडंसंच नुकसान होतं, पण ८ जीबी भरून सामान रॅममधून ओढायची वेळ आली की ते अंगावर येतं. सुरुवातीला उल्लेख आला त्या ६५०० एक्सटीला तर चारच मार्गिका होत्या, आणि जुन्या बोर्डांवर त्याची दशा झाली. म्हणून इथे १६ जीबीचं आरएक्स ९०६० एक्सटी मला अधिक शहाणपणाचं वाटतं, ते सोळाही मार्गिका वापरतं. इंटेलचं १२ जीबीचं आर्क बी५८० किमतीला फार आकर्षक आहे, पण त्याच्या ड्रायव्हरचा प्रोसेसरवर बराच भार पडतो आणि ३६००सारख्या जुन्या प्रोसेसरसोबत ते बरंच मागे पडतं, हे २०२५च्या सुरुवातीला चाचण्यांतून दिसून आलं. नव्या प्रोसेसरच्या घरी ते जरूर न्यावं.

कार्डासोबत एसएमपीएसही पाहा. कॅबिनेटसोबत फुकट आलेला, नाव-गाव नसलेला एसएमपीएस १६६० सुपरला कसाबसा पेलत असेल. त्याच्या भरवशावर नवं कार्ड लावणं म्हणजे चाळीस हजार रुपये दोन हजारांच्या डब्याच्या हवाली करणं. विजेची ये-जा असलेल्या गावात तर हा खर्च आधी.

नवं कार्ड बसल्यावर तीच चाचणी पुन्हा करा. आता कार्ड सत्तर टक्क्यांवर बसलेलं दिसेल अशी शक्यता बरीच आहे. तिथे दोन मार्ग. सेटिंग आणि रिझोल्यूशन वाढवून मोकळ्या कार्डाला काम द्यायचं, ज्याला एक रुपया लागत नाही. किंवा प्रोसेसर बदलायचा, आणि इथे या बोर्डाचं भाग्य उजळतं. एएम४ हे सॉकेट एएमडीने इतकी वर्षं चालवलं की २०१७ पासूनच्या बहुतेक बोर्डांवर, बायोस नवा केला की, २०२० पासूनचे रायझन ५००० मालिकेतले प्रोसेसर बसतात. साधा रायझन ५ ५६०० घातला तरी चौकातल्या त्या ४८ फ्रेम चांगल्याच वर जातात. रायझन ७ ५७००एक्स३डी किंवा ५८००एक्स३डी मिळाला तर सोनं. त्यांच्यात ९६ एमबीची एल३ कॅशे आहे. मुख्य धाग्याचा बराच वेळ रॅममधून माहिती येण्याची वाट पाहण्यात जातो. ती माहिती प्रोसेसरच्या पोटातच असली की वाट पाहणं सरतं, आणि सगळ्यात वाईट एक टक्का फ्रेम सगळ्यात जास्त सुधारतात. बोर्ड तोच, रॅम तीच. बायोस मात्र जुना प्रोसेसर जागेवर असतानाच नवा करून घ्यायचा, नाहीतर नवा बसल्यावर पडदा काळाच राहतो.

इंटेलवाल्यांना ही सवलत फारशी मिळत नाही. एलजीए १२०० सॉकेट दहाव्या आणि अकराव्या पिढीपुरतं होतं. एलजीए १७०० बाराव्यापासून चौदाव्यापर्यंत चाललं, तेव्हा बाराव्या पिढीचा आय३ किंवा आय५ असलेल्याला त्याच बोर्डावर वरच्या प्रोसेसरला जागा आहे. तेराव्या-चौदाव्या पिढीचा वरचा प्रोसेसर जुना घेणार असाल, तर २०२४च्या ऑगस्टनंतरचा बायोस त्याच्या बोर्डावर घातला होता का, हे विचाराच. त्या प्रोसेसरांत जास्त व्होल्टेजमुळे कायमचा बिघाड होत होता, आणि तो थांबवणारी दुरुस्ती त्या महिन्यापासून येऊ लागली. आधीच बिघडलेला तुकडा तिने सुधारत नाही.

वेळ निवडण्याबद्दल थोडं. नवी पिढी आली की जुनीचा माल काही आठवडे उतरत्या भावात मिळतो, मग तो संपतो आणि उरलेला उलट महागतो. २०२१ मध्ये क्रिप्टो खणणाऱ्यांनी कार्डं ओढून नेली होती. १५ सप्टेंबर २०२२ला इथिरियमने खाणकामाची पद्धतच सोडून दिली आणि वापरलेल्या कार्डांचा पूर आला. अशी कार्डं अजून हातोहात फिरतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला, म्हणजेच भडकमकर मार्गावर, किंवा तुमच्या शहरातल्या ओळखीच्या दुकानात जुनं कार्ड घेताना ते समोर अर्धा तास चालवून दाखवायला सांगा, तापमान आणि पंख्यांचा आवाज पाहा, मूळ बिल मागा. बिल नसेल तर वॉरंटी धरूच नका आणि भाव तसा करा. फरक किती असावा, याचं माझं माप सरळ आहे: तुमच्या गेममध्ये, तुमच्या रिझोल्यूशनला, निम्म्याने तरी फ्रेम वाढत नसतील तर थांबा. ४५च्या ५२ झालेल्या आठवड्याभरात विसरायला होतात. ४५च्या ७० झालेल्या रोज जाणवतात.

सगळंच बदलायची वेळ कधी? बोर्डावर पुढचा प्रोसेसर बसत नाही, रॅम डीडीआर४ आहे आणि प्रोसेसर विंडोज ११ला चालत नाही, असं तिन्ही जुळलं की. विंडोज १०चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ला इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा रायझन २००० आणि टीपीएम २.० लागतं, आणि व्हॅलोरंट तर विंडोज ११वर टीपीएमशिवाय सुरूच होत नाही. नव्या एएम५ला डीडीआर५ सक्तीची आहे, आणि २०२५च्या अखेरीस डेटा सेंटरांच्या मागणीने रॅमचे भाव भडकले, त्यामुळे ही उडी पूर्वीपेक्षा महाग पडते. ज्याच्या एएम४ बोर्डावर अजून जागा आहे त्याने ती आधी वापरून घ्यावी. जाणं भागच असेल, तर कॅबिनेट, चांगला एसएमपीएस, एसएसडी, मॉनिटर आणि कार्ड नव्या यंत्रात तसंच नेता येतं, आणि एएम४चा कूलरही बहुतेक एएम५वर बसतो. जुना प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम मात्र सुटे न विकता जोडूनच विका. पहिलं यंत्र बांधणाऱ्या कॉलेजच्या मुलांना तसा चालू संच हवा असतो, आणि गिऱ्हाईकही लवकर मिळतं.